बाराचे टोले

वेस्टमिन्स्टर पुलाच्या अलीकडे आमची बस थांबली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. टूर लीडरने माइक हातात घेतला. "मंडळी, समोर बिग बेन. फोटो स्टॉप पंधरा मिनिटं. अकरा वीसला बस हलणार, कुणासाठी थांबणार नाही."

माझी धाकटी आठ वर्षांची आहे. वडगावहून निघायच्या आधी महिनाभर ती लंडनच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती. बिग बेन हे त्या मनोऱ्याचं नाव नाही, आतल्या घंटेचं आहे, हे तिने आम्हा सगळ्यांना जेवताना सांगितलं होतं. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात, आणि घंटा तेरा टनांहून जड आहे. ती दर तासाला वाजते. म्हणून हिला दुपारचे बाराचे टोले ऐकायचे होते, पूर्ण बारा. त्यासाठी तिने बोटांवर मोजायचं ठरवलं होतं, आणि दोन बोटं कमी पडतील म्हणून दादाची मागून ठेवली होती.

सव्वाअकराला छोट्या घंटा वाजल्या. "हीच का गं आई?" मी म्हटलं, नाही, या पाव तासाच्या. "मग मोठी?" बाराला. "बाराला किती वेळ आहे?" बस हलायची वेळ झाली तेव्हा चाळीस मिनिटं होती. मी लीडरला विचारलं, "दादा, आम्ही इथेच थांबलो आणि पुढच्या ठिकाणी भेटलो तर?" तो म्हणाला, ग्रुप सोडायला परवानगी नाही. बारा वाजता आम्ही एका दुकानात रांगेत उभे होतो. फ्रिजला चिकटवायची चुंबकं घेण्यासाठी तिथे पाऊण तास ठेवला होता. धाकटीच्या हातातल्या चुंबकावर बिग बेनचं चित्र होतं. तिने घड्याळ बघितलं आणि ते चुंबक परत फळीवर ठेवलं.

परत आल्यावर नातेवाइकांना हे सांगितलं की ते म्हणतात, एवढंच ना? सामान हरवलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, विमान चुकलं नाही, मग तक्रार कसली? पण तक्रार एवढ्याचीच आहे आणि ती मी मनापासून करते आहे. पोरांना शहर दाखवायला म्हणून नेलं, साठवलेले पैसे त्यात घातले, आणि शहरासमोर उभं राहायला त्यांना वेळच मिळाला नाही.

थोरला अकरा वर्षांचा. त्याची गोष्ट वेगळी होती. वडगाव मावळात वाढलेल्या मुलाला इंग्रज पुस्तकातून कळायच्या आधी गावातून कळतो. आमच्या घरापासून महादजी शिंद्यांचं स्मारक चालत दहा मिनिटांवर आहे. मुंबईची इंग्रज फौज राघोबादादांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. त्याच्या शौर्यावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याला इष्टुर फाकडा म्हटलं, आणि त्याची समाधी आमच्या गावात आहे. फौज तळेगावपर्यंत पोचली, पण दाणागोटा मिळेना. ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून ती मागे फिरली आणि वडगावात कोंडली गेली. १६ जानेवारीला इथेच तह झाला. पुढे कलकत्त्याहून हेस्टिंग्जने तो मानला नाही, हेही आमच्या पोरांना पाठ असतं.

अशा मुलाला लंडनला नेल्यावर तो काय विचारणार? टॉवर ऑफ लंडनकडे जाताना बस जुन्या लंडनच्या गल्ल्यांजवळून गेली. लीडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती, हे त्याने वाचलं होतं. ती इमारत १८६१ मध्ये पाडली, आता तिथे लॉइड्सची काचेची नि पोलादाची इमारत उभी आहे. त्याने लीडरला विचारलं, "काका, वडगावची बातमी जिथे आली ती जागा कुठली? नुसती दाखवा." वडगावात काय झालं हे कळायला त्या कचेरीला किती महिने लागले असतील, याचा हिशेब तो दोन दिवस करत होता. लीडर म्हणाला, "बाळा, ते आपल्या प्रोग्राममध्ये नाही." आवाजात राग नव्हता. त्याच्या हातातल्या कागदावर ते खरंच नव्हतं.

त्या कागदाबद्दल मला बोलायचं आहे. त्यात एक शब्द आहे, पॅनोरॅमिक टूर. म्हणजे बसच्या खिडकीतून बघायचं. क्रॉमवेल रोडवर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम शेजारी शेजारी आहेत. दोन्हीकडे नेहमीचं प्रवेशशुल्क नाही, कुणीही आत जावं. २०२४ मध्ये साताऱ्याला आलेली वाघनखं याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून तीन वर्षांसाठी आली. साताऱ्याला रांगेत उभं राहून थोरल्याने ती बघितली होती, आणि ती ज्या घरातून आली ते घर त्याला बघायचं होतं. आत टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे, इंग्रज शिपायावर बसलेला, पोटात वाजणारा बाजा असलेला. लीडर माइकवर म्हणाला, "डाव्या हाताला म्युझियम." तिथे सिग्नल लाल होता. तो हिरवा होईपर्यंतचा वेळ माझ्या मुलाला मिळाला. त्याने खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं. बस निघाली तेव्हा काचेवर कपाळाचा ओला डाग राहिला होता, तो मी रुमालाने पुसला.

टॉवरमध्ये आम्ही आत गेलो, तिकीट पॅकेजमध्ये होतं. कोहिनूर तिथल्या जवाहिरखान्यात आहे, राजमाता एलिझाबेथच्या मुकुटात बसवलेला. मुकुटांच्या काचेसमोरून सरकता पट्टा जातो. गर्दी अडू नये म्हणून तो केला आहे आणि ते बरोबरच आहे. पट्ट्यावरून उतरल्यावर मागून पुन्हा यायला कुणी अडवत नव्हतं. मुलांना तेवढंच हवं होतं, एकदा आणखी. १८४९ मध्ये पंजाबच्या लहानग्या महाराजा दुलीपसिंगाकडून तो हिरा कसा गेला, हे मी त्यांना सांगायला सुरुवात केली होती. लीडरने लांबून हातातली छत्री वर केली. छत्री वर म्हणजे निघा. दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचा होता, म्हणजे दादापेक्षा लहान, एवढं ऐकून धाकटी मागे वळून बघत चालत राहिली.

आणखी दोन बारीक गोष्टी सांगते, कारण पोरं घेऊन जाणाऱ्याला त्याच नडतात. एका ठिकाणी स्वच्छतागृहाच्या दारातच नाणं टाकायचं यंत्र होतं. आमच्याकडे नोटा होत्या, कार्ड होतं, सुट्टं नव्हतं. मुलगी पाय आवळून उभी. मागच्या एका वयस्क इंग्रज बाईंनी न बोलता नाणं टाकून दार उघडून दिलं. त्या रात्री धाकटीने ती गोष्ट दोनदा सांगितली. त्या बाई तिच्या लक्षात राहिल्या याचा मला आनंदच आहे. पण "मंडळी, थोडी नाणी जवळ ठेवा" हे वाक्य सकाळी बसमध्ये बोलायला पाच सेकंद लागले असते. शॉपिंगच्या सवलतींची माहिती द्यायला त्याच सकाळी वीस मिनिटं लागली होती.

दुसरी गोष्ट जेवणाची. संध्याकाळी सहाला जेवण. मे महिन्यात लंडनला पावणेनऊच्या पुढेमागे सूर्य मावळतो. सहाला पनीर आणि डाळ खाऊन बस आम्हाला शहराबाहेरच्या हॉटेलवर सोडायची, साडेसातला आम्ही खोलीत. बाहेर लख्ख ऊन. खिडकीखाली मोठा रस्ता आणि पलीकडे गोदामं. आपल्याकडे शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत पोरं अंगणात असतात, हीच त्यांची वेळ. मोठ्यांनी बघितलेल्या शहरातून मुलांना नेमक्या त्या वेळी उचलून पलंगावर बसवलं होतं. एवढ्या लांब आणून.

चौथ्या दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीसाठी दोन तास होते. तिथे मात्र ग्रुप सोडायला परवानगी होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, आणि आम्ही चौघं चालत ब्रिटिश म्युझियमकडे निघालो. वीस-पंचवीस मिनिटं जायला, तेवढीच यायला, वर दारातली तपासणी. हाती उरला पाऊण तास. तेवढ्यात आम्ही फक्त एक दालन बघायचं ठरवलं. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या शिळा तिथे आहेत, शंभराहून जास्त.

दालनाच्या अलीकडे फरशीवर शाळेची मुलं बसली होती. अंगात पिवळी जाकिटं, मांडीवर पुठ्ठा, हातात पेन्सिल. वीसेक मुलं एकच मूर्ती काढत होती. त्यांच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, घड्याळाकडे बघत नव्हत्या. माझी मुलं त्या मुलांकडे बघत थांबली. मग धाकटी अमरावतीच्या एका शिळेसमोर गेली. त्या शिळेवर पूर्ण स्तूप कोरलेला आहे, खाली माणसं हात जोडून. ती म्हणाली, "आई, हे तर भाज्यासारखं आहे!" भाज्याच्या लेण्यांत दगडात कोरलेल्या चौदा स्तूपांचा समूह आहे, मळवली स्टेशनवरून चालत जाता येतं, तिथे ती तिच्या शाळेच्या सहलीला गेली होती. मग दोघं भावंडं शिळेतली माणसं मोजायला लागली. कुणाचे हात वर आहेत, कुणाच्या हातात काय आहे. वीस मिनिटं त्यांनी दुसरीकडे बघितलं नाही. सहा दिवसांच्या लंडनपैकी मुलांनी खरंखुरं बघितलेलं शहर ते, एका दगडाएवढं.

शेवटच्या दिवशी बसमध्ये फॉर्म दिला. हॉटेलला किती गुण, जेवणाला किती, बसला, लीडरला. मी जेवण आणि हॉटेलला चांगले गुण दिले, कारण ती दोन्ही स्वच्छ होती. लीडरलाही दिले. बेचाळीस माणसं तो एकट्याने सांभाळत होता, त्याचा दोष नव्हता, वेळापत्रक त्याने केलेलं नव्हतं. मुलांसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. धाकटीने माझ्या हातातून पेन घेऊन समासात लिहिलं, "बाराचे टोले राहिले." फॉर्म तसाच जमा केला.

हे सगळं मी लंडनवर राग म्हणून लिहीत नाही. लंडनने दारं उघडी ठेवली होती. राग आहे तो मुलांचा वेळ कापून मोठ्यांच्या यादीत खुणा करण्यावर. आणि तो राग मला घरी आल्यावर दुप्पट झाला, कारण मावळात आम्ही येणाऱ्यांना हेच करताना बघतो. कार्ल्याला आई एकवीरेच्या दर्शनाला रांग लावून माणसं शेजारचं चैत्यगृह पाच मिनिटांत उरकतात. वर मान करून बघितलं तर छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. मूल वर बघत थांबलं की त्याच्या दंडाला धरून ओढतात.

जुलैत एका शनिवारी थोरला आणि मी महादजींच्या स्मारकापाशी होतो. मुंबईची गाडी थांबली, चहासाठी. मागच्या दारातून सात-आठ वर्षांचा मुलगा उतरला, हातात चिक्की. पाटी वाचून त्याने वडिलांना विचारलं, "बाबा, इंग्रज इथे हरले?" वडील म्हणाले, "बस आत, भुशी धरणाला गर्दी व्हायच्या आत पोचायचंय." माझा मुलगा पुढे झाला होता सांगायला. गाडी गेली.

त्याच २०२५ च्या जुलैत आमचा लोहगड मराठा लष्करी वारशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या यादीत गेला. आता जगभरच्या बस मावळात येतील, त्यांत मुलंही असतील. लोहगडाच्या विंचूकाट्यावर त्यांनाही कुणीतरी छत्री वर करून दाखवेल का, या विचाराने मी आत्ताच अस्वस्थ आहे.

म्हणून टूर काढणाऱ्यांकडे आणि आपल्यासारख्या आई-बापांकडे एकच मागणं आहे. यादीतली निम्मी ठिकाणं काढून टाका. उरलेल्या एका ठिकाणी मुलाला म्हणू द्या की अजून थांबायचंय, आणि थांबा. बिग बेनपाशी बाराला चाळीस मिनिटं होती. तेवढी द्यायला हवी होती.