वडशात बसून लंडनच्या बापाचं मन कसं ओळखावं

प्रबंधाचा विषय मिळाला ना? ‘आधुनिक ब्रिटिश नाटकांतील कौटुंबिक नाती: एक मनोविश्लेषणात्मक अभ्यास’. अभिनंदन. तुम्ही राहता गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात, लंडन पाहिलेलं नाही, तिथलं नाटक तर नाहीच नाही. घाबरू नका, त्याने काहीही अडत नाही. पुढे सांगतो तेवढं करा.

1. आई मेलेली असेल असं नाटक शोधा. हॅरल्ड पिंटरचं ‘द होमकमिंग’ (1965) यासाठी सोन्यासारखं. उत्तर लंडनचं घर, मॅक्स नावाचा म्हातारा खाटीक, त्याचा भाऊ आणि दोन मुलगे. बाईमाणूस कुणी नाही. अमेरिकेत तत्त्वज्ञान शिकवणारा थोरला टेडी बायकोला घेऊन येतो आणि शेवटी तिला तिथेच ठेवून एकटा परत जातो. मधला लेनी तर बापालाच विचारतो, माझा गर्भ राहिला त्या रात्री नेमकं काय झालं? पिंटरने पान वाढून ठेवलंय, तुम्ही फक्त बसा.

मॅक्सच्या हातात काठी आहे. म्हातारा आहे म्हणून काठी, असं चुकूनही लिहू नका. त्या काठीवर एक अख्खं प्रकरण होतं.

2. फ्रॉइड वाचू नका, वेळ जातो. ‘इडिपस’ एवढा एक शब्द पुरे: मुलाला आई हवी, बाप नको. फ्रॉइडचा शिष्य अर्नेस्ट जोन्सने तो 1910 सालीच हॅम्लेटला लावून दाखवला. तेव्हापासून त्यात न बसलेला मुलगा अजून सापडलेला नाही. बापाशी भांडतो? इडिपस. भांडत नाही? दडपलेला इडिपस. गाईड अगदीच खोदून विचारू लागले तर लाकाँचं नाव घ्या. तिथे सहसा चौकशी थांबते.

3. पैसा दिसला की तळटीपेत ढकला. हे फार महत्त्वाचं. शीला डिलेनीचं ‘अ टेस्ट ऑफ हनी’ (1958) घ्या. सॅलफर्डच्या कळकट भाड्याच्या खोलीत मायलेकी एकमेकींना ओरबाडतात. खोली कळकट आहे म्हणून ओरबाडतात की काय, अशी शंका येईल. येऊ देऊ नका. ऑस्बर्नच्या ‘लुक बॅक इन अँगर’मधला (1956) जिमी पोर्टर शिकूनसवरून मिठाईचा ठेला चालवतो; तो ठेला विसरा, त्याचा मेलेला बाप धरा.

4. खिडकी लावून घ्या. ही खास आपल्या भागासाठीची सूचना. दिवाळी झाली, धान कापून झालं की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम लागतो, आणि नाटक कंपन्यांचं मुख्य गाव वडसाच. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. तुम्ही लेनीचं अबोध मन उकलत असता आणि मंडपात मुलगा बापाच्या हातून सातबारा हिसकावत असतो. ऑक्टोपॅड कडाडतो, म्हातारा खाली पडतो. शाल गुंडाळून पोत्यावर बसलेली एखादी मावशी डोळे पुसत शेजारणीला सांगते, ‘‘बांधीचा हिस्सा मांगून रायला ना तो, बाप काय करन?’’

मावशींनी इडिपस म्हटलं नाही, तेव्हा त्यांचं मत ग्राह्य धरता येत नाही. शिवाय त्यांनी कारण बरोबर सांगितलं, आणि बरोबर कारण एका ओळीत संपतं. तुम्हाला दोनशे पानं भरायची आहेत, हे लक्षात असू द्या.

5. झाडीपट्टीचे रंगकर्मी परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. ही माहिती प्रबंधात कुठे बसवावी कळत नसेल, तर गाळा. कुणी विचारणार नाही.

6. तोंडी परीक्षेत ‘‘यातलं एखादं नाटक रंगमंचावर पाहिलंत का?’’ असा प्रश्न आलाच, तर ‘‘सर, माझा भर संहितेवर आहे,’’ म्हणा आणि पाणी प्या.

एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल, तर तिकीट काढून मंडपात जाऊन बसा. शाल न्या, पहाटे थंडी फार असते. हंगाम होळीच्या आसपास संपतो. प्रबंध त्यानंतरही जमा करता येतो.