दुसऱ्या हातात काय आहे?

मालगुंडात दिवेलागणीनंतर कोणाचाही उजवा हात मोकळा नसतो. पुरुषाच्या हातात काठी नाहीतर पिशवी असते. बाईच्या हातात ताट, बादली, पोर, किंवा यातलं कुठलंही दोन एकदम असतं. जून ते सप्टेंबर सरसकट सगळ्यांच्या हातात छत्री. उरतो तो डावा, आणि बॅटरी त्याच्या वाट्याला येते. म्हणजे बॅटरी करणाऱ्याने आमच्या गावाचा विचार केलाच, तर तो ओल्या, डाव्या आणि घाईतल्या हाताचा करायला हवा. तो तसा करत नाही. तो बहुधा डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या, दोन्ही हात रिकामे असलेल्या एका दाढीवाल्या तरुणाचा विचार करतो. खोक्यावर चित्र त्याचंच असतं.

आमचं घर गायवाडीच्या समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. गणपतीपुळ्यात खोली मिळाली नाही की काही भाविक आमच्याकडे वळतात. त्यांच्यासाठी मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्यात. स्वयंपाकघरातून तिथे जायचं तर जांभ्याच्या पायऱ्या, मग गडग्याला लागून वाट, मग पोफळी, मग विहीर. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाते आणि त्याच सुमारास पुण्याच्या पाहुण्यांना चहाची तल्लफ येते. एका हातात चहाचा ट्रे, दुसऱ्या हातात बॅटरी, छत्री मानेत. ही माझी रोजची कसरत. तिला कोणी तिकीट लावत नाही, इतकंच.

दिवसा हेच पाहुणे केशवसुत स्मारक पाहून येतात. कवीचं जन्मघर तिथे जपून ठेवलंय, आणि स्मारकाचं उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झालंय. एकदा रात्री अंधारात बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पूर्वी लोक या अंधारात करायचे तरी काय हो?" मी म्हटलं, "कविता." ते गप्प झाले.

पण हिशेब केला तर गंमत आहे. केशवसुत १८६६ ते १९०५. न्यूयॉर्कच्या डेव्हिड मिसेलला हातात धरायच्या बॅटरीचं पेटंट मिळालं ते १८९९च्या जानेवारीत. कागदाची नळी, आत तीन सेल, पुढे बल्ब आणि त्यामागे पितळेची वाटी. पहिल्या काही बॅटऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना भेट दिल्या आणि फुकट मिळालेल्या वस्तूचं पोलिसांनी कौतुकही केलं. म्हणजे बॅटरी निघाली तेव्हा आमचे कवी हयात होते. पण मालगुंडात तेव्हा चूडच चालायची. नारळाच्या सुक्या झावळ्या बांधायच्या, पेटवायच्या आणि हलवत चालायचं. हलवली की पेट घेते, थांबलं की मंदावते. एका हाताने वापरायचं आमचं पहिलं साधन ते. चालू-बंद करायचं बटण म्हणजे माणसाचा खांदा. केशवसुतांनी १८९३ साली बॅटरी न मागता तुतारी मागितली, ते एका परीने बरंच झालं. तिला सेल लागत नाहीत.

आमच्या घरात बॅटरीचा इतिहास मामंजींपासून सुरू होतो. त्यांची पितळी, तीन मोठ्या सेलांची बॅटरी अजून देवघराच्या कोनाड्यात आहे. नुसत्या सेलांचंच वजन पाव किलोच्या वर. मामंजी ती रात्री आंबा राखायला न्यायचे. उजेड पडला नाही तरी चोराच्या टाळक्यात पडेल, हा त्यामागचा विचार. मागच्या झाकणात स्प्रिंगच्या पोटात एक जादा बल्ब ठेवायची सोय होती. डोकं फिरवून झोत लहानमोठा व्हायचा. सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे तिचं सरकतं बटण. अंगठ्याला न बघता कळायचं की बॅटरी चालू आहे की बंद. तेव्हापासून माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं, पण बटणाच्या बाबतीत फारशी प्रगती केली असं मला वाटत नाही.

तिचं दुखणं सेलांत होतं. साध्या सेलाचं बाहेरचं जस्ताचं डबडं हेच त्याचं ऋण टोक असतं. वीज देता देता ते जस्त झिजतं, पातळ होतं, आणि एक दिवस आतला द्रव बाहेर येतो. मग स्प्रिंगवर हिरवी-पांढरी बुरशी धरते आणि झाकण फिरता फिरत नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सेल मंदावले की पापडांच्या शेजारी उन्हात वाळत घालायच्या. ऊब लागली की आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते, त्यामुळे रात्री दहा मिनिटं उजेड खरोखरच वाढायचा. त्या दहा मिनिटांवर आईंनी संसार केला.

"पण मोबाईलला टॉर्च आहे की!" असं आमचे अहो दर वेळी म्हणतात. आहे. तो लावायला आधी पडदा पुसायचा, मग ओलं बोट टेकवायचं, पडद्याने ते बोट आहे हे मान्य करायचं, तोवर कॅमेरा उघडतो आणि माझ्या पायाचा फोटो निघतो. शिवाय मोबाईलचा उजेड जवळच पसरतो, लांब जात नाही. विहिरीत वाकून पंपाच्या दोरीकडे बघताना हातात मोबाईल धरायचा म्हणजे काय, हे ज्याचे हप्ते चालू आहेत त्यालाच विचारावं.

मुंबईच्या भावजींनी यावर कपाळाला बांधायचा दिवा आणला. "वहिनी, दोन्ही हात मोकळे!" पटण्यासारखं होतं. श्रावणात मी तो बांधून अंगणात आले आणि तालुक्यातले झाडून सगळे पाखरू-किडे माझ्या नाकाशी हळदीकुंकवाला जमले. पाहुण्यांशी बोलायला मान वर केली की ते डोळ्यांवर हात धरून मागे सरकायचे. त्यांच्यातली एक लहान मुलगी तर रडली. पण हे सगळं सोसलं असतं. खरी अडचण फुरशाची आहे.

रत्नागिरीत राहायचं तर फुरशाशी ओळख ठेवावी लागते. "इथे नाग असतात का?" असं पाहुणे विचारतात. "छे, आमच्याकडे फुरशीच जास्त," असं मी त्यांना धीर द्यायला सांगते. जेमतेम हातभर लांबीचं, जांभ्याच्या दगडाच्या रंगाचं, विषारी. रात्री फिरतं आणि दगडाच्या कपारीशी आठाच्या आकड्यासारखं वेटोळं घालून बसतं. छेडलं तर खवल्यांवर खवले घासून करकर आवाज करतं. ते दिसायचं तर त्याची सावली दिसावी लागते. आणि डोळ्यांच्या वरच दिवा असला तर सावली वस्तूच्या मागे लपते, आपल्याला दिसतच नाही. जमीन सपाट भासते. बॅटरी कमरेशी, खाली धरून चाललं की प्रत्येक खडा, काटकी, वेटोळं आपली सावली पुढे टाकतं. मामंजींना हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यांची बॅटरी जड म्हणून हात आपोआप खाली जायचा.

रंगाचाही घोळ आहेच. पांढऱ्या एलईडीच्या पोटात असतो निळा दिवा. तो साधला म्हणून आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानात जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४चं नोबेल मिळालं, आणि ते त्यांना लखलाभ. त्या निळ्यावर पिवळा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. पण स्वस्तातल्या दिव्यात तांबड्या रंगाची बाजू लंगडी पडते. आणि आमचा तर सगळा मुलूखच तांबडा! जांभा तांबडा, माती तांबडी, पडलेलं पान तांबूस, फुरसं तपकिरी. निळसर पांढऱ्या उजेडात हे सगळं एकाच राखाडी रंगात न्हाऊन निघतं. पिवळसर, उबदार उजेडाची बॅटरी दिसायला मागासलेली वाटते, पण पान आणि साप वेगवेगळे दाखवते. माझी तेवढीच अपेक्षा आहे.

एवढी तयारी करून मी रत्नागिरीत राम आळीत बॅटरी घ्यायला गेले. दुकानदाराने काचेवर दहाबारा बॅटऱ्या मांडल्या आणि म्हणाला, "ही घ्या वहिनी, उजेड दोन किलोमीटर जातो."

"मला विहिरीपर्यंत जायचंय."

"मग ही. पन्नास हजार ल्यूमेन." खोक्यावर तसं छापलेलं होतं, आणि बॅटरी माझ्या करंगळीएवढी होती. मेणबत्तीचा उजेड बारा-तेरा ल्यूमेन धरतात. म्हणजे करंगळीत चार हजार मेणबत्त्या. एवढ्या पेटल्या तर करंगळी राहील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कंपनी देते, वहिनी." खऱ्या ल्यूमेनचंही एक असतं की चौपट केले तरी डोळ्याला उजेड दुपटीच्या आसपासच भासतो. आणि छोटी बॅटरी पूर्ण जोरात लावली की काही मिनिटांत तापते आणि स्वतःच माघार घेते. धो धो पावसात तर जास्त उजेड म्हणजे समोर पांढरी भिंत. थेंबच तेवढे चमकतात.

मग मी दुकानदाराची छत्री मागून घेतली, उजव्या हातात धरली, त्याच हातात माझी भाजीची पिशवी अडकवली, डावा हात त्याच्याच पाण्याच्या बाटलीने ओला केला आणि म्हटलं, आता द्या एकेक. दुकानात दोघेतिघे गिऱ्हाईक होते, ते खरेदी सोडून बघत उभे राहिले.

पहिली बॅटरी डोकं पिळून लागत होती. दोन हात हवेत. बाजूला. दुसरी लागली, पण पहिल्या दाबाला ती लखलखाट करायची, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला मंद, चौथ्याला पोलिसांच्या गाडीगत उघडझाप, पाचव्याला बुडत्या जहाजाचा संकेत, आणि मग बंद. मध्यरात्री मोरीपर्यंत जाऊन येणाऱ्या बाईला जहाज बुडाल्याचं कळवायचं कारण काय? शिवाय अंधाराला सरावायला डोळ्यांना वीसतीस मिनिटं लागतात, आणि हिचा पहिलाच दाब ती सगळी कमाई उधळून टाकणार. तिसरीचं बटण इतकं हलकं की पिशवीतल्या कोथिंबिरीनेही ते दाबलं. चौथी गोल गुळगुळीत, टेकवली की घरंगळली. ती गुलाबी होती आणि दुकानदाराच्या मते "लेडीज" होती.

शेवटी जी घेतली ती बोटाएवढी, एका पेन्सिल सेलाची, अंगावर खाचा असलेली. बटण बाजूला, अंगठ्याखाली. पहिल्या दाबाला मंद उजेड, हवा तर पुढे वाढवायचा. रंग उबदार. रबरी कडी आत आहे, त्यामुळे पावसाला घाबरत नाही. पेन्सिल सेलाचा आग्रह मात्र माझाच. दुकानदार आत बसवलेल्या, वायरीने चार्ज होणाऱ्या बॅटरीची भलावण करत होता. त्याला मी २०२०च्या निसर्ग आणि २०२१च्या तौक्ते वादळाची आठवण करून दिली. वादळानंतर वीज नाही म्हणजे नाहीच. चार्ज कशावर करायचं, समईवर? पेन्सिल सेल किराणा दुकानात साबणाशेजारी मिळतो. एरवी चार्ज होणारा त्याच मापाचा सेल घालावा, वादळात किराण्यातला.

इतकं झालं, पण ही म्हणे खिशातली बॅटरी. आणि बायकांना खिसा असतो कुठे? साडीला नाही. गाऊनला असलाच तर शोभेचा, रुमालापुरता, आणि तोही उजवीकडे. माझा मोकळा हात डावा. उजव्या खिशातली बॅटरी डाव्या हाताने काढताना मी स्वतःलाच मिठी मारल्याचं दिसायचं, आणि ट्रेमधला चहा बशीत यायचा. म्हणजे काखेत बॅटरी आणि अंगणाला वळसा. मी शिंप्याकडे गेले.

"खिसा उजवीकडेच असतो, वहिनी."

"कोणी ठरवलं?"

"तसाच पॅटर्न आहे." त्याने कात्री खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. अखेर दोन गाऊनांना डावीकडे, जाड कापडाचा, बॅटरीच्या मापाचा अरुंद खिसा लागला. त्याची शिलाई त्याने वेगळी घेतली. गुंतागुंतीच्या कामाचे पैसे, म्हणाला.

आईंना बॅटरी दाखवली. त्यांनी ती तळहातावर तोलली. वजन न लागल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास आला. पेटवली. विझवली. परत पेटवली. मंद उजेड पायावर पाडून अंगठ्याचं नख बघितलं.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "सुपारी फुटते का हिने?"

"नाही हो आई."

"मामंजींच्या बॅटरीने फुटायची."

तरीही पहिल्या पावसात, चढणीचे मासे आणि खेकडे धरायला अख्खी वाडी व्हाळात उतरली तेव्हा अहोंनी ती माझ्या खिशातून परस्पर उचलली. खेकडा धरायला एक हात लागतोच आणि तो परत मिळेल याची खात्री नसते, म्हणून दुसऱ्यात बॅटरी हवी, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. ते आले तेव्हा बादली भरलेली होती आणि मोबाईल, जो कधी टॉर्च म्हणून आमच्या घरात नावाजला गेला होता, तांदळाच्या डब्यात पुरावा लागला. त्यावर मी काहीही बोलले नाही. बोलायला आई होत्या.

आता बॅटरी आईंच्या उशाशी असते. रात्री मोरीकडे जाताना एका हाताने भिंत धरावी लागते, तेव्हा दुसऱ्या हाताला ही हवी, असा त्यांचा सरळ हिशेब. तो मोडून काढता येण्यासारखा नाही, म्हणून मी राम आळीतून तसलीच दुसरी मागवली आहे. फक्त आई पातळ नेसतात, आणि पातळाला खिसा कुठे लावायचा हे विचारल्यापासून शिंप्याने माझा फोन उचललेला नाही.