पुढचा थांबलाय

वडोदऱ्याहून जंबुसरकडे जाणारा रस्ता पादऱ्यात शिरतो, तिथे माणसांना ओलांडून जाण्यासाठी पांढरे पट्टे मारलेले आहेत. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास ते असतात. होळीपर्यंत त्यांचा वर्ण सावळा होतो आणि आषाढात ते आहेत की नाहीत हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न उरतो. अंगणातल्या रांगोळीसारखंच त्यांचंही. काढणाऱ्याने मन लावून काढायची आणि पहिल्या पावलाने पुसायला सुरुवात करायची. इंग्लंडात 1951 साली स्लाव गावी हे पट्टे कायमचे अवतरले, तेव्हा काळ्या-पांढऱ्यावर मन स्थिर होण्याआधी निळे-पिवळे आणि तांबडे-पांढरेही रंगवून पाहिले होते म्हणे. आमच्याकडे नवरात्रात ते निळे-पिवळे फार शोभून दिसले असते.

पट्ट्यांपाशी कसं वागावं हे सरकारने वाहन चालवण्याच्या 2017 च्या नियमांत नीट सांगून ठेवलंय. सिग्नल नसेल तिथे वेग कमी करायचा, थांबायचं, चालणाऱ्याला वाट द्यायची. पुढे कोंडी दिसत असेल तर पट्ट्यांवर जाऊन अडकून बसायचं नाही. पण मला मोह पडतो तो रस्ते-वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारातल्या एका कलमाचा. पट्ट्यांपाशी कुणी थांबला असेल, तर मागच्याने त्याला ओलांडून जायचं नाही. जायचंच असेल तर तत्क्षणी थांबता येईल इतक्या संथपणे. कारण साधं आहे. थांबलेल्या टेम्पोच्या पलीकडे चालणारं माणूस असतं आणि टेम्पो पारदर्शक नसतो. म्हणजे हा कायदा मागच्याला एवढंच सांगतो की बाबा रे, पुढच्याला काहीतरी दिसलंय, तुला दिसत नसलं तरी विश्वास ठेव. एवढी भाबडी अपेक्षा कायद्याच्या पुस्तकात सापडेल असं मला वाटलं नव्हतं.

कारण पादऱ्यात पुढची गाडी थांबली की मागच्याच्या मनात येणाऱ्या शंकांचा क्रम ठरलेला आहे. पंक्चर झालं असेल. ओळखीचं कुणी भेटलं असेल. मावा घ्यायला उतरला असेल. डिझेल संपलं असेल. कुणीतरी कुणाला तरी रस्ता ओलांडू देण्यासाठी थांबलं असेल, ही शक्यता या रांगेत अगदी शेवटी, कोपऱ्यात अंग चोरून उभी असते. तोवर डावीकडून ॲक्टिव्हा, उजवीकडून रिक्षा आणि दोहोंच्या मधून सायकल निघून गेलेली असते.

याच जंबुसरकडून 1734 साली पिलाजीराव गायकवाडांचे भाऊ महादजी फौज घेऊन आले आणि त्यांनी बडोदं पुन्हा जिंकलं. त्यांना बोलावणारे होते पादऱ्याचे दला देसाई. आम्ही मराठी माणसं या मुलखात रुजलो ती त्या धामधुमीच्या जोरावर, त्यामुळे घाईत असलेल्यांना फार बोलायचा हक्क आम्हाला नाही. तरी मनात येतंच, की ते घोडदळ दौडत जात असताना एखादी म्हातारी पाण्याची घागर घेऊन कडेला ताटकळली असेल, तर तिच्यासाठी कुण्या स्वाराने लगाम खेचला असेल का? आणि खेचलाच, तर मागच्याने काय म्हटलं असेल?

पुढे गायकवाडांनीच घाईवर उतारा काढला. अडीच फुटी रुळांवरची त्यांची छोटी गाडी 1862 मध्ये डभोई ते मियागाम अशी चालू झाली, तीही बैलांनी ओढलेली. कालांतराने तसलेच रूळ पादऱ्यालाही आले, इंजिन लावून. त्या गाडीचा मोठा गुण हा, की ती थांबली तर का थांबली असा संशय कुणी घेत नसे. थांबणं हा तिचा स्वभावच होता. तिला मागून गाठणारं काहीच नव्हतं, हेही खरंच.

परवा आत्याबरोबर बाजारात गेलो होतो. आत्याची रस्ता ओलांडण्याची रीत जुनी आहे: पिशवी डाव्या हातात, उजवा तळवा पुढे, नजर समोरच्या दुकानाच्या पाटीवर. वाहनांकडे पाहिलं की ती बिथरतात, असं तिचं मत. भाजीचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून उजवा हात काढला आणि तळवा खाली करून सावकाश वरखाली हलवला. इंडिकेटर आल्यापासून ही खूण जवळजवळ लोपलीच आहे. मनगटात लाल दोरा, नखांत माती. एक मोटरसायकल टेम्पोच्या कुशीतून पुढे सरकू लागली, तसा त्याच हाताने दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. मोटरसायकल चक्क थांबली. तिच्या मागची रिक्षाही थांबली. मी भारावून पाहत राहिलो.

"मासी, जल्दी करो ने," ड्रायव्हर म्हणाला.

आत्या नेमकी पट्ट्यांच्या मधोमध पोचली होती. तिने मान वर करून टेम्पोतल्या वांग्यांच्या टोपल्या न्याहाळल्या आणि विचारलं, "रींगणां शुं भाव?" चालणाऱ्याने पट्ट्यांवर किती वेळ घासाघीस करावी, हे 2017 च्या नियमांत नाही, व्हिएन्नातही कुणाला सुचलेलं नसावं. मागे हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हरने भाव सांगितला, आत्याने तो महाग ठरवला, त्याने दोन रुपये उतरवले, आणि मला पिशवीचं तोंड उघडून धरावं लागलं.