वाळूजचे दाजी

बीड, जालना, परभणीकडच्या कुठल्याही गावात विचारा, दर चार-सहा घरांमागे एक दाजी वाळूजला असतात. १९८५ साली बजाजचा कारखाना इथं सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग आयटीआय झालेले दाजी आले. आधी रांजणगावात चौघांत एक खोली, मग परमनंट, मग बजाजनगरात रो-हाउस, वरचा मजला बॅचलर पोरांना भाड्यानं आणि त्या भाड्यातून हप्ता. इथवरची हकीकत बँकेला माहीत असते. आपल्याला रस आहे तो दाजींच्या दुसऱ्या नोकरीत. ती बिनपगारी असून नेमकी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करावी लागते. सासरच्या माणसांना शहर दाखवणे.

शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर. म्हातारी माणसं अजून औरंगाबाद म्हणतात. दाजी समोरचा माणूस पाहून नाव घेतात. एरवी दाजींचं शहरात काही अडत नाही. किराणा बजाजनगरात, दवाखाना बजाजनगरात, आणि आषाढीला विठ्ठलसुद्धा शेजारच्या छोट्या पंढरपुरात. नगर नाका ओलांडायचा तो पाहुण्यांसाठी. पाहुणे बारमाही येतात. कोणाचा पेशंट घाटी दवाखान्यात असतो, कोणाची खंडपीठात तारीख असते. पण खरा हंगाम लग्नसराईचा. गावाकडचा बस्ता बांधायचा तर गुलमंडीतच, आणि एवढ्या लांब आलोच आहोत तर मकबरा बघून घेऊ, हे ओघानं आलंच.

अशा बस्त्याच्या दिवशी दाजींना पाहावं. सकाळी साडेसहाला दारात दोन क्रूझर. पहिलीत नवऱ्याकडचे, दुसरीत नवरीकडचे. दाजींच्या हातात कुठल्याशा व्हेंडरनं नव्या वर्षाला दिलेली डायरी, आणि तीत दिवसाचं प्लॅनिंग : घृष्णेश्वर पाऊण तास, कैलास लेणं एक तास, दौलताबाद खालूनच, मकबरा चाळीस मिनिटं, पाणचक्की दहा मिनिटं, जेवण, बस्ता. चहाला वेगळा वेळ नाही, चहा चालत्या गाडीत. मंगळवार असेल तर वेरूळची लेणी बंद, हे दाजी अशा थाटात सांगतात की शटडाऊनची नोटीस त्यांच्याच सहीनं निघाली असावी. दौलताबादला गाडीतूनच हात करून, "हा किल्ला. चढायला दीड तास, उतरायला एक. आउटपुट काही नाही," एवढ्यावर देवगिरीच्या यादवांची बोळवण होते. तुघलकानं सगळी दिल्ली इथं आणून वसवायचं काढलं होतं, हे ऐकून नवरीची आजी म्हणते, "एवढ्या लोकाला पाणी कुठलं पाजलं असंल बाई?" इतिहासकारांनीही तुघलकाला हाच प्रश्न विचारला आहे, पण त्यांना पुष्कळ पानं लागली.

मकबऱ्याच्या तिकीटखिडकीवर पुरातत्त्व खात्याचा नियम आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. त्यामुळे मिसरूड फुटलेले दोन-तीन भाचे दारात एकदम चौदाचे होतात. आत गेल्यावर दाजींमधला क्वालिटीवाला जागा होतो. ते भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करतात. "इथपर्यंत संगमरवर. इथून वर प्लास्टर. घुमट परत संगमरवर. लांबून दिसतं तिथं ओरिजिनल माल, बाकी सगळं कॉस्ट रिडक्शन." आणि ते खोटं नाही. कमरेएवढा पट्टा आणि घुमट संगमरवराचे, मधलं काम काळ्या दगडावर चुन्याच्या गिलाव्याचं. औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरस बानूची ही कबर. तिच्या मुलाच्या, आझमशहाच्या नावावर हे बांधकाम सांगतात. खर्चाचा जुना आकडा सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये. दाजींना तो तोंडपाठ आहे, वरच्या तीन रुपयांसकट. "माझ्या रो-हाउसला ह्याच्याहून जास्त लागले," ते मेहुण्यांना सांगतात, "आणि त्यात चार मिनार पण नाहीत." ताजमहालाची स्वस्त नक्कल म्हणून जग ह्या इमारतीला नावं ठेवतं. दाजी ठेवत नाहीत. मंजूर झालेल्या बजेटात काम बसवून दाखवलं, ह्या गोष्टीची त्यांना मनापासून कदर आहे. मला विचाराल तर मकबऱ्याला इतका समजूतदार प्रेक्षक क्वचित मिळाला असेल.

पाणचक्कीला मात्र डायरीतली दहा मिनिटं कधीच पुरत नाहीत. बायका हौद पाहतात, मासे पाहतात, जुन्या वडाखाली टेकतात आणि चपला हातात घेऊन निघायच्या तयारीत असतात. दाजी त्या फिरत्या जात्यापाशी खिळलेले. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी इथं पीठ दळलं जायचं. पाणी दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं, मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलेलं. गावाला असं नहरींनी पाणी खेळवायची सुरुवात मलिक अंबरनं केली, ह्या चक्कीची नहर नंतरची. त्या दिवशी नवरदेव पहिल्यांदा तोंड उघडतो. सकाळपासून तो मोबाइलमध्ये होता. "मामा, पण पाणी वर चढतं कसं? मोटर तर न्हाई."

दाजी त्याच्याकडे पाहतात. सासरच्या कोणी माणसानं त्यांना आजवर कामाचा प्रश्न विचारलेला नसतो. मग ते जमिनीवर बसतात, डायरीच्या मागच्या पानावर डोंगर काढतात, नळ काढतात, पाणी आपली पातळी सोडत नाही म्हणजे काय ते समजावतात. वीज नाही, डिझेल नाही, आणि पात्यावर धार पडली की जातं फिरतं. "मेंटेनन्स कोणाकडं असंल रे?" दाजी स्वतःलाच विचारतात. अक्का, म्हणजे दाजींची बायको, दोन हाका मारून थकते. तिसऱ्या हाकेत 'अहो' नसतं, तेव्हा दाजी उठतात.

गुलमंडीत गाडी लावायला जागा मिळाली असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ड्रायव्हरला औरंगपुऱ्याकडे धाडून दाजी सगळ्यांना सुपारी मारुतीसमोर उभं करतात. "हा आपला असेम्ब्ली पॉइंट. चुकलं-माकलं तर इथंच यायचं." आजी हात जोडते आणि लगेच तिथंच बसते. दिवसभरातली सगळ्यात सोयीची जागा तिला सापडलेली असते.

दुकानात पांढऱ्या गादीवर वऱ्हाड पसरतं, थंडा येतो, साड्यांची थप्पी पडते आणि दाजी इन्स्पेक्शन सुरू करतात. पैठणी दिसली की ती उलटी करतात. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे दोरे लोंबत नाहीत, हे खरं आहे. पण दाजी साडेसातशेची साडीही उलटी करून मान हलवतात तेव्हा दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मग भावाची बोलणी. ती हिंदीत. समोरचा माणूस पैठणचा असला तरी हिंदीतच, कारण बाजारात मराठी बोललं की भाव चढतो अशी दाजींची खात्री आहे. "भैया, ये धोने के बाद आटेगा क्या? क्वांटिटी देखो ना, अठ्ठावीस पीस का लॉट है. आपको परवडेगा ऐसा नको बोलो, हमको परवडेगा ऐसा बोलो." दुकानदार शंभर रुपये उतरतो. दाजी विजयी मुद्रेनं अक्काकडे बघतात. अक्का काही बोलत नाही. ती उठते, पदर सावरते, दाराशी जाऊन एका पायात चप्पल घालते. दुसरी चप्पल पायात जाईपर्यंत दुकानदार आणखी अडीच हजारांनी खाली आलेला असतो. "निगोशिएशनला वेळ द्यावा लागतो," दाजी मेहुण्यांना समजावतात. हिमरूची शाल व्याह्यांना, टॉवेल-टोपी भावकीला, आणि खर्चाचा हिशेब डायरीत.

परतताना दिवेलागण होते. छावणी ओलांडून वाळूजच्या रस्त्याला लागलं की सुटलेल्या शिफ्टच्या बसगाड्या समोरून येतात आणि गाडी मुंगीच्या चालीनं सरकते. इथं थोरले मेहुणे, म्हणजे नवरदेवाचे वडील, अचानक जागे होतात. "दाजी, तुमच्या कंपनीवरून घ्या की गाडी. अन् मागच्या गाडीला बी सांगा."

दाजी फोन करतात. दोन्ही गाड्या कंपनीच्या लांबलचक भिंतीशेजारून हळूहळू जातात. भिंतीवर तारा, आत दिव्यांचा उजेड, पत्र्याच्या शेडचा माथा. दिवसभरात कुठंच खिडकीला न चिकटलेली माणसं आता खिडकीला चिकटतात. "त्या तिसऱ्या शेडमधी आपली लाइन," दाजी सांगतात. वीस वर्षं तिथं काम केलेल्या माणसालाही पाहुण्यांना आत नेता येत नाही. गेटपास लागतो.

"लई मोठी हाय," मागच्या गाडीतून व्याह्यांचा फोन येतो.

मेहुणे फोन ठेवतात, साड्यांच्या खोक्याखालून प्लॅस्टिकची पिशवी काढतात, तीतून बायोडाटा आणि आयटीआयच्या मार्कशीटची झेरॉक्स.

"ट्रेड कोणता?" दाजी विचारतात.

"फिटर."

"कंत्राटदाराकडं बघू. सात महिन्यांचं असतंय, मग ब्रेक."

"सात तर सात," मेहुणे आवाज खाली आणतात, "पण परवापर्यंत लावा. पत्रिका छापायला गेलीय, अन् नवरीकडच्याला आम्ही साखरपुड्यातच सांगून बसलोय, की पोरगं तुमच्याच शेडमधी हाय म्हणून."