मोर्लेसाहेब, ते पत्र खासगी का ठेवलंत?

माजी भारतमंत्री जॉन मोर्ले यांस,

ज्या मतासाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ते मत तुमचंही होतं. ९ जून १९०८ च्या ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखात टिळकांनी सरकारला बजावलं, की दडपशाहीने बॉम्ब थांबणार नाहीत, लोकांना हक्क द्यावे लागतील. मुंबईत त्यांच्यावर खटला चालला त्याच जुलैत तुम्ही व्हाइसरॉय मिंटोंना कळवलंत, की राजद्रोहाच्या या जबर शिक्षा पाहून मी धास्तावलो आहे. अति कठोरपणाने सुव्यवस्था येत नाही, त्या वाटेने बॉम्ब येतो. एकच मत, धनी दोन. एक मंडालेच्या तुरुंगात गेला. दुसरा त्याच वर्षी लॉर्ड झाला होता.

तुम्ही व्हाइसरॉय कर्झनच्या जातीचे असतात, तर तुम्हाला पत्र लिहिण्याचं कारणच नव्हतं. पण तुम्ही तत्त्वज्ञ मिलचे शिष्य, पंतप्रधान ग्लॅडस्टनचे चरित्रकार, ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’चे संपादक. आयर्लंडवर लादलेल्या दडपशाहीच्या कायद्यांवर तुटून पडणारे. लोक तुम्हाला ‘ऑनेस्ट जॉन’ म्हणत. १९०५ च्या डिसेंबरात तुम्ही भारतमंत्री झालात, तेव्हा बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून आमच्या गोखल्यांनी सांगितलं, की इथली शिकलेली माणसं तुम्हाला गुरुस्थानी मानतात. मनात आशा आहे आणि धाकधूकही, असंही ते म्हणाले. त्या सभ्य माणसाची धाकधूक तुम्ही खरी करून दाखवलीत.

दोन-तीन महिन्यांतच बंगालच्या फाळणीला ‘ठरलेली गोष्ट’ म्हणून मोकळे झालात. (ती ठरलेली गोष्ट १९११ मध्ये बादशहांनी दिल्लीत मोडली.) १९०७ च्या मे महिन्यात लाला लजपतराय यांना खटल्याविना मंडालेला पाठवलं, तेही १८१८ च्या जुनाट रेग्युलेशनखाली, आणि तुम्ही मान डोलावलीत. पुढच्या वर्षी बंगालच्या नऊ पुढाऱ्यांची तीच गत झाली. १९१० च्या प्रेस ॲक्टने छापखान्यांकडून जामीन मागायला सुरुवात झाली, तेव्हा भारतमंत्र्याच्या खुर्चीत एक जुना संपादक बसलेला होता. लेखणी हातात धरलेल्या कोणालाही याची लाज वाटावी.

तुमच्या इंडिया कौन्सिलवर दोन हिंदी माणसं आली, बॅरिस्टर सिन्हांना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा मिळाली, हे तुमच्या खात्यावर जमा आहे. पण १९०९ च्या सुधारणा देताना तुम्ही लॉर्डांच्या सभागृहात आधीच जाहीर केलंत, की यातून हिंदुस्थानात पार्लमेंट येणार असेल तर माझा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्याआधी स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथच्या सभेत तुम्ही मतदारांना समजावलं होतंत, की कॅनडात फरचा कोट ठीक आहे, म्हणून तो दख्खनमध्ये चालेल असं नाही. दख्खनला कोट नको होता, साहेब. दख्खनच्या एका संपादकाला आपल्या वर्तमानपत्रात लिहू द्यायचं होतं, एवढंच.

मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांना तुम्ही कळवलंत, की मला विचारलं असतंत तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका असंच सांगितलं असतं. मग निकालानंतर काय अडचण होती? २२ जुलैला शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, रस्त्यात गोळ्या खाल्ल्या. त्यांना जे कळलं, ते भर रस्त्यात सांगायला ते घाबरले नाहीत. तुम्ही मंत्री होतात, अधिकार तुमच्या हाती होता, आणि तुमची नापसंती पाकिटातच राहिली. टिळक मंडालेत असताना १९१२ मध्ये इकडे त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. ते पुण्यात परतले, तोवर १९१४ चा जून उजाडला होता.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महायुद्ध नको म्हणून तुम्ही मंत्रिमंडळ सोडलंत. तेव्हा सदसद्विवेकासाठी खुर्ची कशी सोडायची, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मिंटोंना लिहिलेली ती पत्रंही पुढे १९१७ मध्ये तुम्ही स्वतःच आठवणींच्या पुस्तकात छापलीत, कारण तोवर त्यांचा कोणालाच उपयोग उरला नव्हता. टिळकांना शिक्षा न्यायमूर्ती दावरांनी सुनावली. ती चुकीची आहे हे जाणूनही तिच्यामागे उभे राहिलात ते तुम्ही, म्हणून दोघांत मोठे गुन्हेगार तुम्हीच.