उजवा आरसा

ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळाने ‘पुराणमतवाद’ या विषयावर बोलायला बोलावलं आणि मी तत्काळ हो म्हणून बसलो. पुराणमतवादी कोण हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सोडून आमच्या घराण्यातले सगळे.

तयारीला लागलो आणि घोळ झाला. टिळक घ्यावेत, तर इंग्रजांपुढे जहाल आणि 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोधी. रानडे घ्यावेत, तर समाजसुधारक, पण राजकारणात मवाळ. तिकडे पुराणमतवाद्यांचा मूळपुरुष एडमंड बर्क 1790 मध्ये फ्रेंच क्रांतीवर तुटून पडला खरा, पण त्याआधी तो अमेरिकन वसाहतींची बाजू घेऊन चुकला होता.

लांब कशाला, आमच्या शहराचंच बघा. जिभेला पडलेलं वळण सुटत नाही म्हणून ‘औरंगाबाद’ म्हणणारा मी पुरोगामी. आणि पाटीपासून पत्त्यापर्यंत सगळं बदलून ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहिणारे आमचे शेजारी परंपरावादी! मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी या दोन्ही नावांच्या आधीची. तिच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

शेवटी वैतागून एक टाळीचं वाक्य रचलं : ‘पुराणमतवादी माणूस मागच्या आरशात बघून गाडी चालवतो.’

तेच घोकत मकई गेटमध्ये गाडी घातली. कमान अरुंद. समोरून रिक्षा आली, आणि जन्मभर डावीकडे झुकलेला मी ऐन वेळी उजवीकडे वळलो. उजवा आरसा दगडाला घासून निखळला. मराठ्यांना अडवायला औरंगजेबाने 1682 मध्ये शहराभोवती तट बांधला म्हणतात. फार कुणी अडलं नसावं, मी मात्र अडकलो.

मागे हॉर्नचा कल्लोळ. “पाडून टाका ना एकदाचं हे गेट!” स्कूटरवरचा पोरगा ओरडला.

“वारसा आहे तो! एका दगडाला हात लावायचा नाही!” मी खिडकीतून गरजलो. आवाज हुबेहूब आमच्या आजोबांचा निघाला.

रिक्षावाला शांतपणे म्हणाला, “चचा, आगे नै होता तो पीछे लेव ना.”

“आरसा कुठाय?”

त्याने उतरून आरसा उचलला, बाहीने पुसला आणि माझ्या खिडकीशी धरला. त्यात डोळे रोवून मी इंच-इंच मागे सरकू लागलो.