धूर नाही, ठसका नाही

नंदुरबारच्या माणसाला एखाद्या औषधाचा गुण पटवायचा तर आधी त्याला खोकवावं लागतं. यात त्याचा काही दोष नाही. हिवाळा लागला की गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, देशातल्या मोठ्या मिरची बाजारांपैकी एक आमच्या दाराशी भरतो आणि पुढचे काही महिने अख्खं गाव नाक पुसत, डोळे चोळत सुखाने व्यवहार करतं. पाहुणा एस.टी.तून उतरताच शिंकला की यंदा माल चांगला आलाय, हे आम्ही ओळखतो. जे झोंबत नाही ते अस्सल नाही, हे इथलं पोर पाळण्यातच शिकतं.

अशा गावात डास पळवणारं विजेचं यंत्र आलं. ज्योत नाही, धूर नाही, राख नाही. प्लगमध्ये खोचायचं आणि गप्प बसायचं. आमच्या जिभाऊंनी ते बराच वेळ वरून-खालून न्याहाळलं आणि अहिराणीत निकाल दिला, "धूरच निंघस नही, तं मच्छर काय लाजीसन पळतीन का?"

जिभाऊंचं शिक्षण गोठ्यात झालेलं. तिन्हीसांजेला गोवऱ्या पेटवायच्या, वर कडुलिंबाचा ओला पाला टाकायचा. मग असा धूर उठायचा की गाय, वासरू आणि माणसं एकापाठोपाठ खोकत अंगणात यायची. डास आत राहायचे की बाहेर जायचे, हे कोणी पाहिलेलं नाही, कारण पाहायला डोळे उघडे नसायचे. पण माणूस आणि डास यांची फारकत व्हायची, एवढं खरं.

पुढे अगरबत्ती आली तीही धुराचीच, म्हणून ती चालली. जपानमधल्या उएयामा नावाच्या गृहस्थांनी 1890 च्या सुमारास डासांसाठी सरळ उदबत्ती काढली होती. ती तासाभरात संपायची. मग वेटोळं करून बघा, असं त्यांच्या पत्नीने 1895 मध्ये सुचवलं, आणि म्हणे ते तिला वेटोळं घातलेल्या सापावरून सुचलं. डासाला भिऊन साप घरात घ्यायचा, ही कल्पना बाईलाच सुचू शकते, असं जिभाऊ म्हणतात. काकू तेव्हा स्वयंपाकघरात असतात, म्हणून म्हणतात.

विजेची वडीही 1963 साली जपानमध्येच निघाली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात टीव्हीबरोबर घरोघरी पोचली. निळी वडी तापत्या पत्र्यावर ठेवायची, सकाळी ती पांढरी पडायची. आमच्याकडे पांढरी वडीही टाकून देत नसत. उलटी करून पुन्हा लावत. "एका अंगानेच झाली आहे," असं काकू सांगायच्या आणि भाकरी उलटलेल्या हातापुढे कोण बोलणार?

मग आली द्रवाची बाटली. हिचं शास्त्र मी जिभाऊंना समजावू पाहिलं. बाटलीत काडी, काडीच्या टोकाभोवती तापणारं कडं. त्या कड्यात एका खास सिरॅमिकची चकती असते. ती ठरावीक तापली की तिचा विजेला होणारा अवरोध एकदम वाढतो आणि तापणं आपोआप आवरतं. म्हणून ना पेट घेते, ना गार पडते. काडीतून वर चढलेलं औषध अदृश्य वाफ होऊन खोलीभर पसरतं. हे औषध मूळच्या एका शेवंतीच्या कुळातल्या पांढऱ्या फुलाच्या गुणावर बेतून कारखान्यात बनवलेलं. ते डासाच्या मज्जातंतूंची दारं उघडी अडकवतं आणि त्याच्या अंगात ग्रामसभा सुरू होते, म्हणजे सगळे एकदम बोलतात आणि काम काहीच होत नाही. डास लुळा पडतो.

जिभाऊंना ग्रामसभा पटली, वाफ पटली नाही. "दिसत नाही ती वाफ कसली?"

काकूंचा आक्षेप अधिक गंभीर होता. दृष्ट काढताना मीठ-मिरच्या चुलीत टाकतात. ठसका लागला तर ठीक, लागला नाही तर दृष्ट जबर, हा नियम. यंत्र रात्रभर तापतं आणि कोणाला साधा ठसका लागत नाही, याचा अर्थ त्यांनी सरळ लावला आणि यंत्रावरूनच मीठ-मिरच्या ओवाळल्या. त्या रात्री मात्र घरात एकही डास टिकला नाही. श्रेय अजून वादात आहे.

शिवाय वीज. ती गेली की यंत्रात तसूभर फरक पडत नाही, फक्त लाल दिवा विझतो. डासांना तो दिवा कळतो, असं माझं मत आहे. म्हणून मी बॅटरीवर चालणारं, खिशात मावणारं यंत्र आणलं. आमच्याकडे शेतीपंपाची वीज कैकदा रात्रीचीच येते, तेव्हा पाणी भरायला जाताना ते जिभाऊंच्या सोबतीला दिलं. बंद खोलीसाठी केलेली वाफ उघड्या शिवारात काय करणार? वारा सुटला आणि औषध थेट गुजरातकडे गेलं. तसे आमचे डासही राज्याची हद्द मानत नाहीत. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात फलाटावरचं एकच बाक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तिथे ते कोणताही भेदभाव न करता दोन्हीकडे चावतात.

जिभाऊंचं मन अखेर जिंकलं ते चुन्याने. जपानात एक डबा मिळतो. खाली कळीचा चुना, वर औषधाचे दाणे. डबा पाण्याच्या पेल्यात ठेवायचा. चुन्यात पाणी शिरलं की तो आगीवाचून सणसणीत तापतो, वरचे दाणे फुटून औषधाचा लोट खोलीभर उसळतो. माणसांनी दारं-खिडक्या लावून तास-दोन तास बाहेर बसायचं, अन्न झाकायचं आणि परत आल्यावर घर हवेशीर करायचं. हे सांगताच जिभाऊ खुलले. दिवाळीच्या आधी पिंपात कळीचा चुना भिजवताना तो कसा रटरटतो, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. किलोभर चांगल्या चुन्याच्या उष्णतेत तीनेक लिटर पाणी उकळू शकतं. आवाज आहे, लोट आहे, घरातल्यांना बाहेर घालवणं आहे. "हाई खरं औषध!" ते म्हणाले. गोठाच तो, फक्त डब्यात भरलेला.

आता यांना कोणी सांगावं की डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि यंत्र आपण लावतो रात्री? शिवाय तो जन्मतो आमच्याच कूलरमध्ये. अंड्याचा डास व्हायला उबदार दिवसांत जेमतेम आठ-दहा दिवस लागतात. म्हणून तर आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. या उपायाला वीज लागत नाही, चुना लागत नाही, धूर निघत नाही, ठसका लागत नाही. त्यामुळे आमच्या घरी त्यावर कोणाचा विश्वास नाही.

तुमचा असेल तर हे वाचून झाल्यावर उठा आणि कूलर रिकामा करा. नुसतं पाणी ओतून भागायचं नाही, आतून घासाही. ती अंडी कडेला चिकटून बसतात आणि पाण्यावाचूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात.